फादरांना असं विचारतात का?

आमच्या पॅरिशची, म्हणजे आमच्या भागातल्या कॅथलिक चर्चची, मराठी मिस्सा (उपासना) आटोपल्यावर हॉलच्या मागच्या खोलीत आमच्या फायनान्स कमिटीची बैठक होती. बाहेर पाऊस नुकताच थांबलेला, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत मेणबत्त्यांच्या खोक्यांचा आणि चहात बुडवलेल्या खारीचा वास. विषय छताच्या वॉटरप्रूफिंगच्या बिलाचा. आमच्यातले एक काका, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "फादर, कोटेशनं तीन आली होती ना? मग सगळ्यात कमी रकमेचं का नाही घेतलं?" फादरांचा हात शेजारच्या फायलीकडे गेला. तो तिथे पोचायच्या आत काकांच्या बाजूला बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "अहो, फादरांना असं विचारतात का?" खोली गप्प झाली. काकांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि "नाही नाही, तसं काही नाही फादर" असं पुटपुटले. फादर क्षणभर थांबले, मग फाईल उघडून त्यांनी सांगितलं की सगळ्यात स्वस्त ठेकेदार लेखी हमी द्यायला तयार नव्हता. झालं. विषय संपला, खारीची बशी फिरली, आम्ही पांगलो.

उत्तर चोख होतं. कुणी काही लपवलं नव्हतं. तरी घरी आल्यावर, भाजी निवडताना, रात्री दिवा मालवताना, मावशींचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. प्रश्न फादरांनी अडवला नव्हता, आमच्यातल्याच एकीने अडवला होता. आणि तिच्या आवाजात भीती नव्हती. माया होती. देवळात पाय पसरून बसलेल्या लहान मुलाला आपण गुडघा दाबून गप्प करतो, त्यातली माया. मी फादरांच्या समोरच बसले होते म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला. मावशी आपली बाजू घेताहेत याचं समाधान मला तिथे कुठे दिसलं नाही. दिसला तो थकवा.

मी नगर जिल्ह्यातली. म्हणजे जन्म पुण्यातला, पण आजोळ आणि वडिलांचं गाव दोन्ही तिकडचं. आजीच्या घरात, दोन खणांच्या मातीच्या घरात, हातांची एक लाकडी खुर्ची होती. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असे, वर फडकं झाकलेलं. आजोबा तिच्यावर बसत नसत. पाहुणे आले तर सतरंजी अंथरली जाई. आम्ही मुलांनी हात लावला तर आजी ओरडे. ती फादरांची खुर्ची होती. फादर येणार असले की आदल्या दिवशी आजी ती अंगणात काढून राखेने आणि काथ्याने घासायची, उन्हात वाळवायची, मग खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. त्या तेलाचा, उन्हाने तापलेल्या लाकडाचा वास मला अजून नाकात जाणवतो. फादर मोटरसायकलवरून येत, धुळीने पांढरे झालेले, आणि आले की त्या खुर्चीत बसून आधी पाणी मागत. आजी पितळेचा तांब्या पुढे करायची. त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला की तिचा चेहरा जसा व्हायचा तसा मी तो एरवी कधी पाहिला नाही, सणाला नाही, नातवाच्या बारशाला नाही.

मोठी होईपर्यंत मला त्या चेहऱ्याचा अर्थ कळला नव्हता. कॉलेजात असताना, पुण्यात चार पुस्तकं वाचून झाल्यावर, मी एकदा तिला म्हटलं होतं की ही खुर्ची म्हणजे गुलामगिरी आहे, आजोबा जन्मभर जमिनीवर आणि फादर वर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरी, या गावात आपल्या हातचं पानी कोन पेत होतं? पाटलाच्या वाड्यापुढनं जाताना तुझ्या आजानं चपला हातात घेतल्यात. अन हा सातासमुद्रापल्याडचा मानूस आपल्या घरात बसला, आपल्या तांब्यातनं पानी पेला. समद्या गावानं बगितलं. खुर्ची त्याला न्हाई ठेवली. ती आपल्यासाठी ठेवली." त्यापुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आजही नाही.

वाकणं आणि वाकणं यांत फरक असतो. ज्यांना गावाने सक्तीने वाकवलं, त्यांनी पहिल्यांदा आपल्या मर्जीने कुणापुढे तरी मान लववली, त्याला मी पुस्तकातलं नाव देणार नाही. आमच्या माणसांना शाळा फादरांनी दिली, बोर्डिंग दिलं, दुष्काळात धान्य दिलं. नगर जिल्ह्यातल्या उजाड माळांवर पाणी अडवायला लोकांना उभं करणारे स्विस जेझुइट (येशूसंघी) फादर हर्मन बाखर यांचं नाव आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "आपले बाखर फादर" असंच घेतात. आणि १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांच्या सवलती गेल्या, तेव्हा सरकारदरबारी आम्ही कुणीच उरलो नाही. दाखला लिहून द्यायला, कलेक्टरकडे जायला, पोराला कुठेतरी चिकटवायला एकच दार होतं. त्या दाराच्या आत जो माणूस बसायचा त्याला उलट प्रश्न विचारायची सवय लागणार तरी कुठून?

पण त्या चित्रात एक माणूस नेहमी राहून जातो.

मास्तर. फादर गावात महिन्या-दोन महिन्यांनी येत, पावसाळ्यात तेही नाही. मधले सगळे दिवस मास्तरांचे. पोरांना बाराखडी आणि "हे आमच्या स्वर्गातील बापा" एकाच दमात शिकवणारे, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जपमाळ म्हणवून घेणारे, नवरा-बायकोचं भांडण सोडवणारे, मयताला पुढे होऊन प्रार्थना म्हणणारे. बाळ जगेलसं वाटत नसेल आणि फादर वीस मैलांवर असतील तर त्याच्या कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा देणारेही तेच, आणि चर्चच्या नियमाला ते मान्य आहे. 'निरोप्या' मासिकाचा अंक आला की मास्तर तो चावडीसारख्या जमलेल्या बायाबापड्यांना मोठ्याने वाचून दाखवत. ते मासिक १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटांनी काढलं, पुढे ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना इथून हलवलं. डोरिंगनाही पुण्याला परतता आलं नाही, मधली काही वर्षं त्यांनी जपानात हिरोशिमाला काम केलं आणि मग पुन्हा ते पुण्याला आले. इकडे त्यांच्या जागी दुसरे फादर आले असतील, त्यांना भाषा यायला वेळ लागला असेल. पणजीच्या तोंडून आजीने ऐकलेली गोष्ट अशी की गावात एकही संध्याकाळ माळेशिवाय गेली नाही. मास्तर होते ना. पण मास्तरांसाठी कुठल्याही घरात खुर्ची नव्हती. ते आमच्यातलेच, आजोबांबरोबर सतरंजीवर बसून भाकर खाणारे.

पुण्याची गोष्टही पाहिली तर तशीच सुरू होते. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चसमोरून मी शाळेत असताना रोज जायचे, आत गर्द सावली, बाहेर रिक्षांचा कल्ला. ते १७९२चं. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या फौजेत असलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने, डोम मिगेल द नोरोन्याने, आपल्या माणसांना प्रार्थनेला जागा हवी म्हणून पेशव्यांकडे ती मागितली आणि पेशव्यांनी दिली. मागणारा शिपाईगडी होता, पाद्री नव्हता. पुढे १८५०च्या सुमारास कॅम्पाच्या पलीकडे सेंट पॅट्रिक उभं राहिलं तेही आयरिश सैनिकांसाठी. पलटणीतली, घरापासून लांब पडलेली माणसं आधी जमली, त्यांनी हट्ट धरला, मग वेदी आली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो आणि आमच्या मुलांना तो कुणी सांगत नाही.

आम्ही नगर रस्त्याच्या बाजूला राहायला आलो तेव्हा शेजार मिळाला तो सेमिनरीचा, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयाचा. रामवाडीची पेपल सेमिनरी, जी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ला पुण्यात आली. आता समोर मेट्रोचं स्टेशन झालंय, पण आतली झाडं तशीच आहेत. तिथून ब्रदर लोक, म्हणजे फादर होण्यासाठी शिकणारे तरुण, शनिवार-रविवारी आसपासच्या वस्त्यांत येतात, मुलांचा धर्मवर्ग घेतात, आजाऱ्यांना भेटतात. केरळचे, तमिळनाडूचे, झारखंडचे, नागालँडचे. मराठी त्यांना मोडकी येते. आमच्याकडे झारखंडचा एक ब्रदर यायचा, विशी-बाविशीतला, कमालीचा लाजरा. त्याला 'ळ' म्हणता येईना. आई त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून म्हणायची, "बाळ. फळ. केळं. म्हण." तो "बाल, फल" म्हणायचा आणि आई त्याच्या हातातली पोळी काढून घ्यायची, आधी नीट म्हण मग खा. असं पुष्कळ दिवस चाललं. नीट म्हणू लागला तेव्हा त्याने ते सबंध वस्तीत म्हणून दाखवलं. पुढे त्याची गुरुदीक्षा झाली आणि तो भेटायला आला, पांढऱ्या झग्यात, हातात मिठाईचा पुडा. आणि माझी आई, जिने त्याच्या हातातली पोळी काढून घेतली होती, ती गुडघे धरत खुर्चीवरून उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि त्याचे तळवे आपल्या डोळ्यांना लावून त्यांचं चुंबन घेतलं. नव्या फादरांच्या तळव्यांना बिशपांनी तेल लावलेलं असतं, म्हणून. तो रडायला लागला. "आई, नको ना" असं म्हणत राहिला. आई म्हणाली, "तुला नाही रे, ज्याने बोलावलं त्याला." मग त्याला म्हणाली, "बस, जेवून जा. आणि वजन किती उतरलंय तुझं."

या दोन वाक्यांत तिला काही विसंगती जाणवली नाही. मला मात्र त्यावर विचार करत बसावं लागतं.

त्याच्या दीक्षेला आम्ही गेलो नव्हतो, लांब होती. पण पुण्यात एक दोन पाहिल्या आहेत. दीक्षा घेणारा वेदीपुढे पालथा पडतो, कपाळ जमिनीला, आणि त्याच्यासाठी सगळी माणसं एकेका संताचं नाव घेत साद घालतात. हा भाग लोक डोळे पुसत पाहतात. त्याच्या आधीचा एक छोटासा भाग मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. बिशप विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हांला ठाऊक आहे का? आणि उत्तर देणारे फादर सांगतात की ख्रिस्ती लोकांकडे विचारणा केली आहे आणि त्यावरून हा योग्य ठरला आहे. त्याआधी त्याच्या गावच्या चर्चमध्ये त्याचं नाव वाचलेलं असतं, कुणाला हरकत असेल तर कळवा म्हणून. म्हणजे फादर होण्याच्या उंबऱ्यावरच आम्हांला विचारलेलं असतं. त्याला आत घ्यायचं की नाही यात माझ्या आईसारख्या बाईचंही मत धरलेलं असतं. मग एकदा तो आत गेला की आमचं मत कुठे जातं?

आजी लॅटिन मिस्सेच्या काळातली. फादर पाठमोरे उभे राहून काय म्हणतात ते तिला कळत नसे, म्हणून ती तेवढ्या वेळात माळेचे मणी ओढायची. घंटी वाजली की मान खाली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, १९६२ ते १९६५मध्ये, हे बदललं. फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, मराठी बोलू लागले. आजीला पहिल्यांदा ते आवडलं नाही, असं ती सांगायची, देवाशी बोलताना माणसाने आपल्याकडे कशाला बघायचं! पण त्या परिषदेने केलेली दुसरी गोष्ट तिच्यापर्यंत कुणी पोचवलीच नाही. चर्च म्हणजे काय हे सांगणारा दस्तऐवज १९६४ला मंजूर झाला, त्यात देवाच्या प्रजेवरचं प्रकरण आधी ठेवलं आणि बिशप-धर्मगुरूंच्या श्रेणीवरचं नंतर. आधी बाप्तिस्म्याने सगळे एक, मग त्यांच्यातल्या काहींची सेवा वेगळी. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५९ साली, इंग्लंडात कार्डिनल न्यूमन, तेव्हा ते कार्डिनल नव्हते, श्रद्धेच्या बाबतीतसुद्धा सामान्य भाविकांचा कौल घ्यावा असं लिहून बसले. त्यांच्या बिशपांनी विचारलं, हे सामान्य भाविक म्हणजे कोण? न्यूमन म्हणाले, ते नसतील तर चर्च मोठं विचित्र दिसेल. एवढ्यासाठी रोममध्ये त्यांच्याबद्दल संशय धरला गेला. आणि २०२५मध्ये चर्चने त्यांना आचार्यांच्या पंक्तीत बसवलं.

हे सगळं मला माहीत आहे. तरी वडील गेले त्या रात्रीचं सांगते. दवाखान्यातून फोन केला तेव्हा दोन वाजून गेले होते, पाऊस कोसळत होता. फादर स्कूटरवरून आले. रेनकोटातून पाणी ठिबकत होतं, वॉर्डातल्या आयाबाईने कुरकुर केली तर त्यांनी तिथलंच फडकं घेऊन फरशी पुसली आणि मग पडद्याआड आले. खिशातून तेलाची छोटी कुपी काढली. वडिलांच्या कपाळाला आणि तळव्यांना तेल लावलं, आणि इतक्या सावकाश प्रार्थना म्हटली की जणू वडिलांना प्रत्येक शब्द ऐकू यावा. शेवटपर्यंत थांबले. पहाटे शववाहिनीच्या माणसाशी त्यांनीच बोलणं केलं, कारण मला बोलता येत नव्हतं. याच फादरांशी त्याआधी महिनाभर पॅरिशच्या सणाच्या वर्गणीवरून माझा चांगला वाद झाला होता, आणि वाद माझ्या मते रास्त होता. त्या रात्रीनंतर मी त्यांच्याशी कधी वाद घालू शकले नाही. मुद्दे तेच होते, वर्गणीही तशीच गोळा होत राहिली. पण तोंड उघडलं की तो ठिबकणारा रेनकोट आठवायचा.

ज्या हातातून मी दर रविवारी ख्रिस्तशरीर घेते, ज्याच्या कानाला लागून मी माझी पापं सांगितली, ज्याने माझ्या बापाच्या कपाळाला शेवटचं तेल लावलं, त्याला मी पावती दाखवा असं कोणत्या तोंडाने म्हणू? बँकेच्या मॅनेजरला, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारताना हा पेच नसतो. इथे तो असतो, आणि तो खोटा नाही. मावशींच्या वाक्याच्या मुळाशी तोच आहे असं मला वाटलं, म्हणून पंधरवड्याने मी त्यांच्या घरी गेले. येरवड्याच्या वस्तीत, वरच्या मजल्यावर एक खोली, भिंतीवर हरेगावच्या मतमाउलीचं, म्हणजे मारियामातेचं, चित्र, त्याखाली नवऱ्याचा फोटो. चहा टाकत त्या म्हणाल्या, "बिलाचं विचारायला आलीस ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. नवरा गेला तेव्हा मुलगा सातवीत होता. शाळेची फी भरली जाईना, नाव काढतील अशी वेळ आली. तेव्हाच्या फादरांनी तीन वर्षं फी भरली, चर्चच्या पैशातून नाही, स्वतःला मिळायचं त्यातून. मुलालासुद्धा कळू दिलं नाही. मावशींना ते शाळेतल्या क्लार्कने सांगितलं, फादर बदलून गेल्यावर. "त्याचा हिशेब कुणी मागितला होता गं? कुठल्या फायलीत लिहिलाय तो?" असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी गप्प बसले. मग मला जे वाटलं ते म्हणाले. म्हटलं, मावशी, तुम्ही म्हणता ते फादर तसे होते. आणि उद्या दुसरे कुणी आले, तसे नसले, तर? तेव्हाही आपण काकांचा हात धरून त्यांना खाली बसवणार? त्या म्हणाल्या, "तसे कशाला येतील?" आणि मग बऱ्याच वेळाने, चहाचे कप विसळताना, माझ्याकडे पाठ करून, "येतात म्हणा. आलेत."

यापुढचं लिहिताना हात जड होतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या भाविकांना पत्र लिहिलं, लहान मुलांवर धर्मगुरूंकडून झालेल्या अत्याचारांबद्दल. त्यात त्यांनी पाद्रीशाहीला, म्हणजे धर्मगुरूंना सगळ्यांच्या वर बसवणाऱ्या वृत्तीला, मुळाशी धरलं, आणि एक गोष्ट अशी लिहिली की जी आम्हांला ऐकायची नसते: ही पाद्रीशाही धर्मगुरू पोसतात तशी सामान्य भाविकही पोसतात. जिथे जिथे ते अत्याचार झाले तिथे कुठल्या तरी आईला, कुठल्या तरी शिक्षकाला काहीतरी खटकलं असणार, आणि शेजारच्या कुणीतरी मायेनेच म्हटलं असणार, फादरांबद्दल असं बोलतात का? वॉटरप्रूफिंगच्या बिलाची आणि त्या मुलांच्या दुःखाची मी बरोबरी करत नाही, करणारही नाही. पण गप्प बसवणारं वाक्य एकच आहे. छताच्या बिलाला ते वापरायची सवय लागली की मुलाच्या वेळी ते आपोआप तोंडात येतं. म्हणून ते बिलापाशीच थांबायला हवं, जिथे उत्तर सोपं आहे, जिथे फादरांचा हात फायलीकडे गेलेलाच आहे.

आणि यात चर्चच्या विरुद्ध काही नाही. चर्चच्या कायद्यातच प्रत्येक पॅरिशला फायनान्स कमिटी हवी असं सांगितलंय, ती ऐच्छिक नाही. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा हेही त्यातच आहे. चर्चच्या भल्यासाठी जे वाटतं ते धर्मगुरूंना सांगायचा आम्हांला हक्क आहे, कधी कधी ते कर्तव्य आहे, असंही कलम आहे, अर्थात आदर राखून. पॅरिश कौन्सिलचं मत मात्र सल्ल्यापुरतं, शेवटचा शब्द पॅरिश प्रीस्टचा, ते मला नीट ठाऊक आहे. रोममधल्या सिनडने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेने, २०२४मध्ये ही कौन्सिलं सक्तीची करा आणि पारदर्शीपणा ठेवा असा आग्रह धरला. त्या सिनडसाठी २०२१पासून पॅरिशपॅरिशमध्ये लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. आमच्याकडेही एक सभा झाली, कागद वाटले, लोकांनी लिहून दिलं की चर्चमध्ये पंखे वाढवा. पंखे लागले. पंख्यांपलीकडचं आपल्याला कुणी विचारतंय यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता, त्याचा दोष मी पंखे मागणाऱ्यांना देत नाही.

मला फादरांचीही बाजू दिसते. रविवारी तीन मिस्सा, दोन बाप्तिस्मे, दुपारी लग्नाची चौकशी, आणि साडेतीनला जेवणाच्या टेबलावर एकटे, ताटावर झाकण ठेवलेलं, पोळ्या वातड झालेल्या. त्यांच्याकडे येणारं प्रत्येक माणूस काही मागायला येतं. जूनमध्ये कॉन्व्हेंटच्या ॲडमिशनसाठी पत्र मागायला तर रांग लागते. प्रश्न विचारणारा माणूस, त्यातल्या त्यात, त्यांच्या कामात वाटेकरी व्हायला आलेला असतो. बैठकीत मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेला थकवा बहुधा त्याचाच होता. काकांनी विचारलं तेव्हा क्षणभर कुणीतरी ओझ्याला खांदा लावला होता, आणि आम्ही तो खांदा काढून घेतला.

आमच्या पॅरिशचा वार्षिक हिशेब दरवर्षी दाराजवळच्या फलकावर लागतो. इंग्रजीत, बारीक टाईपात. मराठी मिस्सेला येणाऱ्या बायका, ज्या पदराच्या गाठीतून दहाची-वीसची नोट काढून पेटीत टाकतात, त्या त्या कागदासमोरून जातात आणि शेजारची लग्नाची नोटीस पाहतात, कारण तिच्यात नावं तरी ओळखीची असतात. मी ठरवलंय की पुढच्या बैठकीत मागणी करायची: हिशेब मराठीत करा, मोठ्या अक्षरात लावा, आणि वर्षातून एकदा मराठी मिस्सेच्या शेवटी, आशीर्वादाच्या आधी, वाचून दाखवा. वाचायला मी तयार आहे. मावशींनाही सांगितलंय. त्या हो म्हणाल्या नाहीत, पण या खेपेला नाहीही म्हणाल्या नाहीत.

गेल्या वर्षीचा कागद मी मराठीत करून आईला वाचून दाखवला, तिला समजतो का ते पाहायला. वीजबिल, फुलं, माळ्याचा पगार, मेणबत्त्या, गरिबांना मदत. ती डोळे मिटून ऐकत होती. एका आकड्याला तिने मला थांबवलं. "हे काय म्हणालीस, फादरांच्या स्वयंपाकघराचं? परत वाच." मी परत वाचलं. "वर्षाचा? एवढ्यात दोन फादर आणि येणारेजाणारे ब्रदर जेवतात?" तिने बोटांवर काहीतरी मोजलं, तेल, डाळ, गॅस. मग माझ्याकडे रागाने पाहिलं, जणू तो आकडा मीच लिहिला होता. "हे विचारा तुमच्या कमिटीत," ती म्हणाली. "ही माणसं जेवतात काय ते विचारा." मी कागदावर तोही मुद्दा घातला आहे. बैठक येत्या रविवारी आहे.